वाद्य परकें कीं कान परका?

परंपरागत संगीताविषयीं दोन प्रकारचीं माणसें हिरीरीनें बोलतात. एकांस त्या संगीतांत नवें कांहींच येऊं नये असें वाटतें. दुसऱ्यांस तें जितक्या लवकर आणि जितक्या थोड्या श्रमांत पदरांत पडेल तितकें बरें असें वाटतें. हे दोन पक्ष एकमेकांचे शत्रु समजले जातात. परंतु बारकाईनें पाहतां दोघांची चूक मुळांत एकच आहे, असें आमचें मत आहे आणि तें मांडण्यासाठींच हा लेख आहे. उदाहरण घेतलें आहे तें आयर्लंडांतील नृत्यसंगीताचें, आणि त्यांतही बँजो, गिटार व मँडोलिन या तीन वाद्यांवर तें शिकण्याचें. इतकें दूरचें उदाहरण कां, असें वाचक विचारतील. एक तर, गेलीं बारा वर्षें इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांतून उरलेला वेळ आम्हीं या चालींच्या पायीं घालविला आहे. आणि ज्या दगडाची ठेच आपणांस लागली त्याच दगडाविषयीं माणसानें बोलावें हें बरें. दुसरें असें कीं, घरच्या भांडणांत जो न्याय सुचत नाहीं तो परक्याच्या भांडणांत चटकन् सुचतो.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. बाजारांत या चालींस 'केल्टिक संगीत' म्हणतात. एडवर्ड ल्हुइड या वेल्श पंडितानें १७०७ सालीं आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन इत्यादि भाषांचें नातें जुळवून दाखविलें, आणि पुढें त्या कुळास 'केल्टिक' हें नांव पक्कें झालें. पण भाषांचें कूळ एक म्हणून चालींचें कूळ एक होत नाहीं. मराठी आणि बंगाली या एकाच कुळांतल्या भाषा आहेत. तेवढ्यानें लावणी आणि बाउलगीत एका माळेंत ओंवतां येत नाहीं. म्हणून आम्ही येथें 'आयरिश' हाच शब्द वापरणार आहों.

या चालींची घडण वरकरणीं अगदीं साधी असते. आठ मापांचा एक भाग, तो दोनदां. मग आठ मापांचा दुसरा भाग, तोही दोनदां. आपल्या अस्ताई-अंतऱ्याची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. रील ही सरळ धांवणारी, जिग ही तीन-तीनांच्या झोल्याची, हॉर्नपाइप ही किंचित् ठुमकत जाणारी. सर्व मिळून एक आवर्तन संपावयास पाऊण मिनिटही लागत नाहीं. या साधेपणामुळेंच दोन्ही पक्षांची फसगत होते. इतकी लहान वस्तु सांभाळावयाची म्हणजे तिच्याभोंवतीं कुंपण घातलें कीं झालें, असें एकास वाटतें. इतकी लहान वस्तु शिकावयाची म्हणजे कागदावरून उतरून घेतली कीं झालें, असें दुसऱ्यास वाटतें.

कुंपणवाल्यांचा विचार आधीं करूं. त्यांचें म्हणणें असें कीं, आयर्लंडचीं खरीं वाद्यें म्हणजे वीणेच्या जातीची हार्प, भात्यानें वाजविण्याचा इलन पाइप, फिड्ल आणि बासरी. बँजो, गिटार व मँडोलिन हीं उपरीं. उपरीं तर तीं आहेतच. बँजो हें वाद्य आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या लोकांनीं कॅरिबियन बेटांत व उत्तर अमेरिकेंत घडविलें. ज्यांस माणूस म्हणून जगूं दिलें नाहीं त्यांनीं जगास हें वाद्य दिलें. आणि एकोणिसाव्या शतकांत गोऱ्या नटांनीं तोंडास काजळ फासून, त्याच लोकांची नक्कल करीत, तें रंगभूमीवर मिरविलें. ज्योएल स्वीनी नांवाच्या अशाच एका अमेरिकन वादकानें १८४० नंतरच्या दशकांत तें ब्रिटनमध्यें गाजविलें. आज आयरिश बैठकींत दिसतो तो चार तारांचा टेनर बँजो अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला, आणि न्यूयॉर्कमधील आयरिश स्थलांतरितांनीं १९२० नंतरच्या दशकांत तो ध्वनिमुद्रिकांवर वाजविला. मँडोलिन नेपल्सहून आली. गिटार तर या संगीतांत खऱ्या अर्थानें रुळली ती १९६० नंतर.

पण मग फिड्ल कोठून आली? ती इटलीचीच व्हायोलिन. कॉन्सर्टिना आज क्लेअर परगण्याची ओळख समजली जाते. तिचा जन्म एकोणिसाव्या शतकांतील लंडनचा. अकॉर्डियन हें जर्मन-ऑस्ट्रियन प्रदेशांतलें. येऊन शंभर-दोनशें वर्षें झालीं म्हणजे पाहुणा घरचा होतो, आणि साठ वर्षें झालेला मात्र परका राहतो, असा कांहीं या पक्षाचा हिशेब दिसतो. तो हिशेब असेल. पण त्यास तत्त्व म्हणतां येणार नाहीं.

शॉन ओ रिआडा हा आयर्लंडचा मोठा संगीतकार. त्यानें १९६२ सालीं नभोवाणीवर व्याख्यानमाला देऊन परंपरागत संगीताचा अभिमान सुशिक्षितांत जागा केला, हें ऋण कोणी नाकारणार नाहीं. त्यानें अकॉर्डियनची कठोर शब्दांत निंदा केली. परंतु त्याच्याच वाद्यवृंदांत अकॉर्डियन होतें, आणि तो स्वतः बसे तो हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे युरोपांतील दरबारी वाद्यावर! यांत आम्हांस ढोंग दिसत नाहीं. एवढेंच दिसतें कीं, त्याचा कान त्याच्या सिद्धांताहून शहाणा होता.

हा वाद आपणांस अपरिचित नाहीं. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधु बाळुस्वामी यांनीं व्हायोलिन एका युरोपियन वादकापासून शिकून घेतली. आज त्या वाद्यावांचून कर्नाटक संगीताची मैफल उभी राहत नाहीं. उलट आकाशवाणीनें १९४० पासून तीन दशकें पेटी हद्दपार केली. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रांतल्या गवयांनीं पेटी सोडली काय? वाद्याच्या जन्मपत्रिकेवरून त्याचा धर्म ठरत नाहीं. तें कोणाचें ऐकून बोलावयास शिकलें यावरून ठरतो.

बँजोपुरतें याचें उत्तर बार्नी मॅकेना या डब्लिनच्या वादकानें देऊन ठेवलें आहे. १९३९ सालीं जन्मलेला हा माणूस 'डब्लिनर्स' या मंडळींबरोबर १९६२ पासून २०१२ सालीं मरेपर्यंत वाजवीत होता. टेनर बँजोच्या तारा जी-डी-ए-ई अशा, फिड्लच्या बरोबर एक सप्तक खालीं, लावण्याची रीत त्याच्यामुळें सर्वत्र रूढ झाली. मँडोलिनच्या तारा तर मुळांतच फिड्लप्रमाणें लागतात. म्हणजे फिड्लवर जें बोट जेथें पडतें तेंच येथेंही पडतें. फिड्लवाल्यांनीं पिढ्यान् पिढ्या घडविलेली चाल या वाद्यांवर उलथापालथ न करतां बसते. वाद्य बाहेरचें, पण तारा घरच्या सुरांत लावलेल्या. याहून उत्तम पाहुणा कोणता?

आतां न्यायानें बोलावयाचें तर या पक्षाच्या भीतींत एक खरी गोष्ट आहे, आणि ती गिटारसंबंधानें आहे. आयरिश चाल एकपदरी असते. तिच्याखालीं स्वरसंघांचा आधार मुळांत नव्हता. यांतल्या पुष्कळ चाली आपल्या बिलावल थाटाच्या आहेत, पण कित्येक खमाजाच्या आणि काफीच्या आहेत. खमाज थाटाच्या चालींत निषाद कोमल. अशा चालीखालीं एखादा गिटारवाला पुस्तकी संवयीनें शुद्ध निषाद असलेला पंचमाचा स्वरसंघ ठोकून देतो, तेव्हां वर चाल एक सांगते आणि खालीं गिटार तिला खोटें पाडते. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निघालेल्या तबकड्यांवर थोर फिड्लवादकांच्या मागें जे पियानोवाले बसविले गेले त्यांतल्या कित्येकांनीं हाच प्रकार केला. त्या तबकड्या ऐकतांना आजही वादकाची कींव येते.

परंतु यावर उपाय कोणीं काढला? गिटारवाल्यांनींच. डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकास १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत, मोरोक्कोंतील संगीताशीं गिटार जुळवितां जुळवितां, तारा लावण्याची एक नवी रीत सांपडली: डी-ए-डी-जी-ए-डी. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर षड्ज, पंचम, षड्ज, मध्यम, पंचम, षड्ज. यांत गांधार नाहीं, म्हणून मोकळ्या तारा ना बिलावलाच्या बाजूनें बोलतात, ना काफीच्या. त्या तंबोऱ्यासारख्या मागें उभ्या राहतात आणि चालीस स्वतःचें म्हणणें मांडूं देतात. मीहॉल ओ डोनिल यानें १९७० नंतरच्या दशकांत ही रीत आयरिश संगीतांत अशी मुरविली कीं ती आज तेथील मातींतलीच वाटते. म्हणजे दोष गिटारचा नव्हता, न ऐकणाऱ्या हाताचा होता. हाताचा दोष वाद्यावर लादणें हें वैद्यानें रोग सोडून रोग्यालाच गांवाबाहेर काढण्यासारखें आहे.

आतां दुसरा पक्ष. आणि येथें आम्हांस अधिक कठोर बोलावें लागेल, कारण या पक्षांत आम्ही स्वतः पांच वर्षें होतों. या पक्षाचें साधन म्हणजे आंकडे. मँडोलिनच्या चार जोडतारांसाठीं चार आडव्या रेघा ओढावयाच्या आणि कोणत्या तारेवर कितव्या पडद्यावर बोट ठेवावयाचें तो आंकडा रेघेवर लिहावयाचा. ज्यास सा कीं रे हें कळत नाहीं त्यासही संध्याकाळपर्यंत एक रील वाजवितां येते. या सोयीचा आम्हांस मोह पडला. चार वर्षांत आम्हीं साठांवर चाली अशा रीतीनें 'पाठ' केल्या, आणि एका जून महिन्याच्या आरंभीं क्लेअर परगण्यांतील एका लहान गांवीं मोठ्या ऐटींत मँडोलिन घेऊन गेलों.

तिकडे संध्याकाळीं पबाच्या कोपऱ्यांत वादकांचें कोंडाळें बसतें. रंगमंच नाहीं, श्रोत्यांकडे तोंड नाहीं. सर्वांचीं तोंडें एकमेकांकडे. आम्हांस जागा देण्यांत आली. थोड्या वेळानें एका वृद्ध बँजोवाल्यानें आम्हांस पाठ असलेली रील सुरू केली. आम्ही उत्साहानें त्यांत उतरलों. पहिल्या आवर्तनांतच कांहीं तरी बिनसलें आहे हें जाणवलें. सूर तेच होते, लयही फारशी सुटली नव्हती. तरी सगळे एका होडींत बसले आहेत आणि आम्ही कांठाकांठानें धांवत आहों असें वाटूं लागलें. दुसऱ्या आवर्तनांत त्यांनीं एक वळण बदललें, तिसऱ्यांत दुसरेंच. आम्ही मात्र छापील वाटेनेंच चाललों होतों. चाल संपल्यावर तो वृद्ध गृहस्थ सौम्यपणें म्हणाला, "सूर सगळे बरोबर आहेत तुमचे. पण तुम्ही आमच्याबरोबर वाजवीत नव्हतां, आमच्या शेजारीं वाजवीत होतां." मग त्यानें विचारलें, "ही चाल कोणापासून घेतलीत?" आम्हीं म्हटलें, "पुस्तकांतून." त्यावर तो हंसून म्हणाला, "असें! आणि पुस्तकानें कोणापासून घेतली?"

त्या रात्रीं आम्हीं मँडोलिन पुन्हां पेटींतून बाहेर काढली नाहीं. तीस वर्षें वर्गांत उभें राहून विद्यार्थ्यांस 'मार्गदर्शिका वाचूं नका, मूळ कविता वाचा' असें बजावणारे आम्ही. आणि आम्हीं स्वतः मार्गदर्शिकाच पाठ केली होती!

पुस्तकानें कोणापासून घेतली, या प्रश्नाचें उत्तर मात्र आहे, आणि तें या पक्षानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आयरिश चालींचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह फ्रान्सिस ओनील याचा. १८४८ सालीं कॉर्क परगण्यांत जन्मलेला हा मनुष्य जगभर फिरून शिकागोच्या पोलीसदलांत शिरला आणि १९०१ ते १९०५ पर्यंत त्या दलाचा मुख्य होता. १९०३ च्या त्याच्या ग्रंथांत १८५० चाली आहेत, आणि १९०७ च्या दुसऱ्यांत १००१. पण गंमत अशी कीं या ओनीलला स्वरलेखन येत नव्हतें! लहानपणीं गांवांत ऐकलेल्या चाली तो बासरीवर वाजवून दाखवी, आणि त्याच आडनांवाचा जेम्स ओनील हा त्याचा सहकारी त्या लिहून घेई. म्हणजे ज्यास आज लोक शेवटचें प्रमाण मानतात तें पुस्तक एका ऐकणाऱ्यानें ऐकणाऱ्यांसाठीं केलेली यादी होती. ज्यानें चाल ऐकली आहे त्यास ती यादी आठवण करून देते. ज्यानें ऐकलीच नाहीं त्यास ती काय आठवून देणार?

त्याच्याही आधींचें उदाहरण एडवर्ड बंटिंगचें. १७९२ सालीं बेलफास्ट येथें उरल्यासुरल्या हार्पवादकांस एकत्र बोलाविलें गेलें. त्यांत कित्येक अंध होते, आणि नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्प्सन लांब नखांनीं तारा छेडण्याची जुनी रीत राखून होता. त्यांच्या चाली टिपून घेण्याचें काम एकोणीस वर्षांच्या बंटिंगकडे आलें. त्यानें त्या टिपल्या म्हणून त्या वांचल्या. याबद्दल त्यास शतशः धन्यवाद. परंतु छापतांना त्यानें त्या पियानोच्या मापानें बेतल्या, आणि हार्पवाल्यांच्या हातांतली कळा कागदावर उतरली नाहीं. ती परंपरा तुटली. आज कागदाच्या आधारानें तिची कल्पना करावी लागते. कागद वस्तु वांचवितो, पण प्राण वांचवीत नाहीं, हा त्यांतला धडा आहे.

कागदावर येत नाहीं तें काय, हें तीन वाद्यांपुरतें सांगतों. फिड्लवाला एका दीर्घ सुराभोंवतीं गजाच्या एकाच ओढींत वरखालचे सूर घेऊन त्यास वळसा घालतो. तारेवर नखी मारली कीं नाद लगेच विरूं लागतो; म्हणून बँजोवाला त्या जागीं एकाच सुरावर नखीचे तीन झटपट आघात घेतो. हे आघात कोठें घ्यावयाचे हें आंकड्यांत सहसा नसतें, आणि असलें तरी प्रत्येक आवर्तनांत जागा बदलावयाची असते. जिगमध्यें नखी खालीं-वर-खालीं, खालीं-वर-खालीं अशी चालली म्हणजे तीन-तीनांच्या प्रत्येक गटाचा पहिला सूर ठळक पडतो. आंकड्यांवर डोळा ठेवून जो निव्वळ खालीं-वर करीत सुटतो त्याची जिग सुरांनीं खरी पण पायांनीं लंगडी होते. कागदावर सर्व सूर सारख्या लांबीचे दिसतात. वाजविणारा त्यांतला एक रेसभर लांबवितो, दुसरा रेसभर चोरतो, आणि तेवढ्याच फरकावर नाचणाऱ्याचें पाऊल उचलतें. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदीश मिळते, गवई मिळत नाहीं, हें ज्या महाराष्ट्रास सांगावें लागत नाहीं त्यास याहून अधिक काय सांगावें?

यावर कोणी म्हणेल, "तुमचें सर्व मान्य, पण पुण्याच्या वा नागपूरच्या माणसास क्लेअरचा वृद्ध कोठून मिळावा? त्यास आंकडेही नकोत काय?" हा आक्षेप पन्नास वर्षांपूर्वीं बिनतोड होता. आज नाहीं. आज मॅकेनाचें वादन घरबसल्या ऐकतां येतें. सूर न उतरवितां लय निम्मी करून ऐकतां येतें. समुद्रापलीकडल्या शिक्षकासमोर बसून शिकतां येतें. कानानें शिकण्याची इतकी सोय पूर्वीं कधींच नव्हती. आणि नेमक्या त्याच यंत्रावर आम्ही काय पाहतों, तर सरकत जाणारे आंकडे! विहिरीच्या कांठीं बसून पाण्याचें चित्र चाटावें, तसा हा प्रकार आहे.

तेव्हां आमची सूचना अशी. आधीं चाल आठ दिवस नुसती ऐकावी, वाद्यास हात लावूं नये. मग ती तोंडानें गुणगुणावी; जी गुणगुणतां येत नाहीं ती बोटांत येणार नाहीं. मग दोन-दोन मापांचे तुकडे करून, संथ लयींत, वाद्यावर शोधावी. त्यानंतर हवें तर पुस्तक उघडून ताडून पाहावें. पुस्तक साक्षीदार म्हणून चांगलें, न्यायाधीश म्हणून नव्हे. गिटारवाल्यानें तर चाल स्वतः वाजवितां आल्याखेरीज तिच्याखालीं एकही स्वरसंघ घेऊं नये. आणि कोंडाळ्यांत एक गिटार असतां दुसरी बाहेर काढूं नये, हा तिकडील शिष्टाचारही शिकून ठेवावा. क्लेअरहून परतल्यावर पहिल्या वर्षांत आम्हीं या रीतीनें अकरा चाली शिकलों. साठांच्या जागीं अकरा! पण त्या अकरांत आम्हांस बसावयास जागा आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीं तर आमच्यावर कानाचा अंध भक्त म्हणून आरोप येईल. निव्वळ यंत्रातून ऐकण्यांतही धोका आहे. स्लायगो परगण्याचा मायकेल कोलमन १९१४ सालीं अमेरिकेस गेला, आणि १९२१ पासून निघालेल्या त्याच्या तबकड्या मायदेशीं परत आल्या. वादक असामान्य, पण त्याचें अनुकरण इतकें झालें कीं इतर परगण्यांचे फिड्लवाले आपल्याच गांवची ढब कमी प्रतीची मानूं लागले. म्हणून एकाचेंच नव्हे, अनेकांचें ऐकावें. आणि शक्य तेव्हां माणसासमोर बसून ऐकावें.

कारण या चाली मुळांत माणसांच्या सहवासाच्या आहेत. १८४५ नंतरच्या दुष्काळांत आयर्लंडचीं सुमारें दहा लाख माणसें मेलीं आणि तितकींच परदेशीं गेलीं. जीं गेलीं त्यांच्या गांठोड्यांत दुसरें फारसें कांहीं नव्हतें. मागें राहिलेल्यांच्या स्वयंपाकघरांत नाच होत. १९३५ च्या नृत्यगृह-कायद्याचा रोख सार्वजनिक नाचांवर होता, तरी पाद्री आणि पोलीस यांनीं त्याचा बडगा या घरगुती नाचांवरही उगारला. इतक्यांतून जी वस्तु वांचली ती हार्पमुळें वांचली नाहीं आणि पुस्तकामुळेंही नाहीं. एकानें वाजविलें आणि शेजारच्यानें नीट ऐकलें, म्हणून वांचली.

कुंपणवाल्यास वाटतें कीं चाल वाद्यांत आहे. आंकडेवाल्यास वाटतें कीं ती कागदांत आहे. दोघेही तिला वस्तु समजतात, हीच त्यांची समाईक चूक. बँजोचें कातडें, गिटारचें लांकूड आणि मँडोलिनच्या तारा या कोणाच्याच वैरी नाहींत. परका असतो तो कान. आणि त्यास घरचा करावयास परवाना लागत नाहीं, पारपत्र लागत नाहीं, फक्त थोडा वेळ गप्प बसावें लागतें. आम्हां प्राध्यापकांस तेवढेंच काय तें जड जातें.